आत्याच्या गळ्याबद्दल एका ओळीत

तीर्थस्वरूप आत्या,

मशीनच्या पायडलवरून पाय क्षणभर उचलशील तर तिथेच साष्टांग नमस्कार. नाही उचललास तर पायडललाच नमस्कार, तोही तुझ्याइतकाच झिजलेला आहे. मी बरी आहे. तू बरी असशीलच, कारण बरी नसतेस तेव्हाही 'मला काय धाड भरलीय' असंच कळवतेस. गुडघे कसे आहेत? मशीनचा पट्टा बदललास का? (गेल्या खेपेला तो सुतळीने बांधला होतास आणि तुझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरत होता.) चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरायची नाही असं आपलं ठरलं होतं. ते तुला आठवत असेल अशी आशा आहे आणि तू ते पाळत नसशील अशी खात्री आहे.

पत्रास कारण असं की, तुझं पाकीट मिळून आज सोळा दिवस झाले. आत तुझ्या गळ्याच्या सोनोग्राफीचे फोटो, त्यांचा अहवाल आणि मापाच्या वहीतून फाडलेल्या कागदावर चिठ्ठी: 'टाचणे, हे काय लिहिलंय ते एका ओळीत सांग. कळल्याशिवाय मी दुकान सोडून हलणार नाही.' सोळा दिवसांत तू एका अख्ख्या वर्गाचे गणवेश बेतून, शिवून, काजंबटणं करून मोकळी होतेस आणि माझ्याच्याने एक ओळ लिहून झाली नाही. तुला राग आला असेल. तुझा राग मला ठाऊक आहे, तो बोलत नाही, नुसता दोरा दातांनी तोडतो. तर तो तुटायच्या आत माझी बाजू ऐकून घे. (फोनवर सांगितलं असतं, पण फोन घेतल्यावर तू मशीन थांबवत नाहीस आणि मग मला फक्त टाके ऐकू येतात.)

तू गिऱ्हाइकांना सांगतेस की भाची मोठ्या दवाखान्यात फोटो काढते. त्यामुळे गेल्या सुट्टीत तुझ्या दुकानात एक बाई माझ्याकडे मुलाचे पासपोर्ट साइज मागत होत्या आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत असं बजावत होत्या. आत्या, फोटो काढतात ते आमचे रोखाकाका. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकाखेरीज कुठे उरलेलं नाही. तीस वर्षं 'श्वास घ्या, रोखा, सोडा' म्हणत आल्यामुळे ते रोखाकाका झाले. (एकदा त्यांना मध्येच फोन आला आणि ते 'सोडा' म्हणायला विसरले. तो बिचारा पैलवान गडी होता म्हणून निभावला.) मी तो फोटो बघते आणि काय दिसलं ते लिहिते. ऐकायला सोपं वाटतं, पण तीन वर्षं मी नुसतं बघायला शिकते आहे. तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना तू पहिलं वर्ष काजं करायला लावतेस, दुसरं वर्ष तुरपाई, आणि कात्रीकडे कुणी नुसतं पाहिलं तरी डोळे वटारतेस. आमच्याकडेही तीच तऱ्हा आहे, फक्त आमच्याकडे त्याचं पुस्तक आहे.

पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं आहे. नाव, 'निदानीय क्ष-किरणशास्त्रातील निवासी डॉक्टरांसाठी प्रशिक्षणाची उद्दिष्टे व मूलभूत क्षमता'. मुखपृष्ठावर ते तीन ओळींत कोंबूनही 'क्षमता' हा शब्द कोपऱ्यात मान वाकडी करून उभा आहे. (निवासी म्हणजे जो घरी येत नाही तो. हवं तर आईला विचार.) आत एक्केचाळीस क्षमता, आणि प्रत्येकीपुढे चार रकाने: पाहिलं, सोबतीनं केलं, एकट्यानं केलं, दुसऱ्याला शिकवलं. प्रत्येक रकान्यात वरिष्ठांची सही लागते. सगळ्या सह्या झाल्या की शेवटच्या परीक्षेचा अर्ज भरता येतो. एक जरी राहिली तर अर्ज नाही, अर्ज नाही तर परीक्षा नाही, आणि पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. अर्जाची मुदत याच महिनाअखेर आहे. माझ्या चाळीस क्षमता झाल्या. एक राहिली आहे, आणि तुझी चिठ्ठी नेमकी तिच्यावरच येऊन बसली आहे.

आधी त्या चाळिसांबद्दल सांगते, म्हणजे भाची अगदीच ढ नाही एवढं तरी तुझ्या मनात राहील. पहिली क्षमता किरणांपासून स्वतःचं रक्षण करण्याची. त्यासाठी शिशाचा एप्रन घालायचा असतो आणि मी तो इतक्या निष्ठेने घालत असे की अंगात आहे हेच विसरायची. एक दिवस बाह्यरुग्ण विभागातल्या वजनकाट्यावर सहज उभी राहिले, तर पाच किलो वाढलेलं. मी आठ दिवस चहातली साखर सोडली, लिफ्ट सोडली, चार मजले चढून रोज काट्यावर उभी राहायची आणि काटा जागचा हलायला तयार नाही. नवव्या दिवशी रोखाकाका शेजारून जाता जाता म्हणाले, “डॉक्टर, एकदा एप्रन काढून बघा की.” त्या क्षमतेची सही मला त्याच आठवड्यात मिळाली. माझ्याइतकं रक्षण आजवर कुणी केलेलं नाही असा शेरा आहे.

सोनोग्राफीची क्षमताही अशीच कष्टाने मिळवली. आधी एकमेकांच्या पोटावर हात बसवायचा आणि मग रुग्णाला हात लावायचा, अशी आमच्या विभागाची रीत आहे. आमच्या तुकडीत सात जण. सातही जणांना एकमेकांची पित्ताशयं चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची आहेत. एखादा रजेवर असला आणि नव्या माणसाने 'कोण तो' विचारलं, तर 'अरे तो, ज्याच्या पित्ताशयाला घडी आहे तो' असं उत्तर येतं आणि सगळ्यांना ओळख पटते. माझी ओळख 'डावं मूत्रपिंड जरा खाली' अशी आहे. असो, त्याचा कुणाला काही त्रास नाही, आईला तेवढं सांगू नकोस.

आता एक्केचाळिसावी. वाचायला सगळ्यांत लहान आहे: 'रुग्णास निष्कर्ष साध्या भाषेत सांगणे.' बस्स. ना यंत्र, ना सुई, ना एप्रन. आणि तिच्यावर सही करणार आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळा दवाखाना नुसतं 'बाई' म्हणतो. बाई उंचीने तुझ्या खांद्याला लागतील. चष्मा सदा कपाळावर, आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागतं, आणि वाकलं की आपोआप अपराधी वाटतं. त्यांच्या मते मला एक रोग आहे. तो आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना थोडाफार असतो, मला जरा जास्त झालाय. त्याची लक्षणं दोन: 'शक्यता नाकारता येत नाही' आणि 'लक्षणांशी ताडून पाहावे'. तू म्हणशील हे काय खूळ! पण विचार कर, आमच्या हातात माणूस नसतो, त्याची सावली असते, आणि सावलीवरून माणूस ओळखायचा असतो. चूक झाली तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून तू शिवणीत अर्धा इंच कापड जास्तीचं सोडतेस तसं आम्ही वाक्यात सोडतो. माझ्या बाबतीत एवढंच की मी इतकं सोडते की हा सदरा आहे का तंबू, हेच गिऱ्हाइकाला कळत नाही. वसतिगृहातल्या खानावळीत स्वयंपाकीणकाकूंनी मीठ बरोबर आहे का विचारलं, तर मी म्हणाले, कमी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, चवीशी ताडून पाहावं. तेव्हापासून त्या मला मीठ वेगळं वाढतात आणि काही विचारत नाहीत.

त्या सहीसाठी मी तीनदा उभी राहिले. दर वेळी समोर रुग्ण, मी, आणि माझ्या पाठीमागे निळं पुस्तक घेऊन बाई.

पहिला होता एक मालगाडीसारखा दणकट ट्रकचालक. मूत्रमार्गात चार मिलिमीटरचा खडा. मी त्याला बसवलं, धीर दिला, आणि बारा मिनिटं बोलले. मूत्रपिंडाची रचना सांगितली, खडा कसा होतो ते सांगितलं, इतर काय काय असू शकलं असतं पण दिसत नाही ते सांगितलं, जे दिसत नाही तेही अगदीच नाकारता येत नाही हे सांगितलं. बोलता बोलता बघते तर त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शेवटी घसा खाकरून म्हणाला, “डॉक्टर, घरच्यांना बोलावून घेऊ का?” तेव्हा बाई पुढे आल्या. चार मिलिमीटरचा खडा आहे, पाणी भरपूर प्या, बहुतेक आपोआप पडून जाईल, ताप आला तर लगेच या. रोखाकाकांनी घड्याळ लावलं होतं. नऊ सेकंद. त्याने टोपी घातली, बाईंना नमस्कार केला आणि माझ्याकडे सुटलेल्या कैद्यासारखं बघत निघून गेला.

मी ठरवलं, पुढच्या वेळी थोडक्यात. पुढच्या वेळी एक ग्रंथपालबाई आल्या, गुडघा धरून. गुडघ्याचा फोटो अगदी स्वच्छ होता. मी बसायच्या आतच हसून सांगितलं, काही नाही. त्या म्हणाल्या, “काही नाही म्हणजे? दोन वर्षं मी काय हौस म्हणून लंगडतेय?” मग म्हणाल्या, घरीही हेच म्हणतात, काही नाही, काही नाही, तेच ऐकायचं होतं तर तीन तास रांगेत कशाला बसले? बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हाड चांगलं आहे आणि दुखणं खरं आहे, ते हाडात नाही, तर कुठे आहे ते शोधायचं. ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि मी तिथे उभी होते, आत्या, एका अक्षराचंही खोटं न बोलता नापास झालेली.

तिसऱ्या वेळचं लिहायला हात धजत नाही, पण तू कुठून तरी ऐकशीलच, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. आमच्याकडे अहवालाचा तयार नमुना असतो. यकृत सामान्य, प्लीहा सामान्य, पित्ताशय सामान्य, सगळं आधीच लिहिलेलं. जे बिघडलेलं असेल तेवढी ओळ बदलायची. (तुझ्या भिंतीवर गणवेशाचे पुठ्ठे टांगलेले असतात ना, तसं.) एक निवृत्त बँडवाले आजोबा आले, आयुष्यभर तुतारी फुंकून गालाला कायमचा फुगवटा आलेले. त्यांचा पोटाचा सीटी मूत्रपिंडासाठी होता आणि मी त्या मूत्रपिंडात अशी रंगले की बाकीच्या ओळी नमुन्यातल्या तशाच राहिल्या. या वेळी मी हळू बोलले, हसून बोलले, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. आजोबा, यकृत छान, पित्ताशय तर फारच छान, भिंत पातळ, आत एकही खडा नाही. आजोबा खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांचा चेहरा उजळला. “परत आलं का?”

बारा वर्षांपूर्वी काढलं होतं, आत्या. त्यांनी सदरा वर करून शिवणही दाखवली. (शिवण नीट नव्हती, तू असतीस तर उसवून परत घातली असतीस.) बरणीत घालून हातात दिलं होतं म्हणे, ते त्यांना कपाटात तुतारीशेजारी ठेवायचं होतं, पण बायकोने ठेवू दिलं नाही. मागे वळून पाहिलं तर बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. आजोबा आता दर गुरुवारी तपासणीला येतात तेव्हा खिडकीतून डोकावून 'आहे ना जागेवर?' असं विचारून जातात. विभागात माझ्याकडे रोज नवा अर्ज येतो. रोखाकाकांना पुढचे केस परत हवे आहेत, झाडूवाल्या मावशींना दोन दाढा. मीही हसले, दुसरं काय करणार, पण वसतिगृहावर जाऊन खूप रडले. अहवाल मी दुरुस्त केला, त्यांचं नुकसान काही झालं नाही. पण तो बाहेर गेला असता आणि उद्या त्यांच्या पोटात दुखलं असतं, तर कुणीतरी त्या नसलेल्या पित्ताशयावर विसंबून बसलं असतं.

बाई त्या दिवशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तू माणसाला अहवाल वाचून दाखवतेस. त्याने काय विचारलंय ते कधी ऐकतेस का?” आणि निळं पुस्तक मिटून परत दिलं. रकाना कोराच.

आणि अशात तुझं पाकीट. तुझा अहवाल ज्याने कुणी लिहिला आहे तो माझाच भाऊबंद दिसतो. बावीस ओळींत तीनदा 'शक्यता', दोनदा 'नाकारता येत नाही' आणि शेवटी आमचं कुलदैवत, 'लक्षणांशी ताडून पाहावे'. तुला ते कळलं नाही याचं मला नवल नाही. मला काळजी आहे ती निराळीच. तुझ्यापुढे 'शक्यता' हा शब्द उच्चारायची सोय नाही हे मला डोळ्यांच्या वेळेपासून माहीत आहे. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, आणि तू म्हणालीस, असू शकते तर नसूही शकते, आणि दोन वर्षं फिरकली नाहीस. मग एका मुख्याध्यापकांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यास आणि ते तुझ्या धाकाने तो कोट तसाच घालून गेले, तेव्हा कुठे तू दुकानाला कुलूप लावलंस. स्वतःसाठी तुझं कुलूप लागत नाही. माझ्या प्रत्येक परीक्षेला मात्र लागायचं. दहावीला तू शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उभी होतीस आणि मी बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे न विचारता बाहीचा सुटलेला टाका तिथल्या तिथे घातलास. म्हणून तुला लिहायला बसले की हात थांबतो. एक शब्द कमी पडला तर तू येणार नाहीस आणि एक जास्त पडला तर तू मशीनवर बसून एकटीच नको नको ते विचार करत राहशील. अशी चार पत्रं फाडली. हे पाचवं.

तर तुझ्या अहवालाबद्दल म्हणशील तर, एकंदरीत पाहता, थायरॉईड ग्रंथीत काही बदल दिसतात, त्यांचं स्वरूप निश्चित करणं केवळ चित्रांवरून अवघड आहे, बहुतांश वेळा असे बदल निरुपद्रवी असले तरी पुढील तपासणीचा विचार सवडीने करायला हरकत नसावी असं वाटतं. घाबरण्याचं कारण नाही, तसंच दुर्लक्षही करू नये. बाकी सर्व क्षेम. काम झेपेल तेवढंच घे, चष्म्याची काडी नवी बसव, आणि माझ्या चुका पोटात घालून लोभ आहे तसा ठेव, कमी करायचा झालाच तर अर्ध्या इंचाहून जास्त नको.

तुझीच,
टाचणी

ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाई आल्या. माझ्या हातातले कागद अहवाल समजून त्यांनी हात पुढे केला आणि मी देऊन टाकले. (माझ्या जिभेला 'हो' म्हणता येत नाही, तसं हाताला 'नाही' म्हणता येत नाही.) त्यांनी स्वतःबद्दलचं सगळं वाचलं, भिंतीकडे तोंड केलेलंसुद्धा, आणि चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. मग पानं मोजून म्हणाल्या, “आठ पानं झाली. आत्याचा गळा कुठल्या पानावर आहे?” मी आठवं दाखवलं. 'सवडीने' या शब्दाखाली त्यांनी नखाने रेघ ओढली. मग तुझे फोटो मागून घेतले, दिव्यापुढे धरून बराच वेळ पाहिले, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, मी तुझी आत्या आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय, बोल. मी बोलले. जसं बोलले तसंच खाली उतरवते. वरचं आठवं पान तू फाडून टाक.

ता. क. २. आत्या, तुझ्या गळ्यात उजवीकडे, कात्रीच्या हाताकडे, शेंगदाण्याएवढी गाठ आहे. अशा बहुतेक गाठी साध्या निघतात. पण हिच्या कडा सरळ नाहीत, म्हणून नुसतं बघून हिला साधी म्हणायला मी तयार नाही, बाईही नाहीत. बारीक सुईने तिच्यातले दोन-चार थेंब काढून तपासायचे. सुई तुझ्या मशीनच्या सुईपेक्षा बारीक असते, दहा मिनिटांचं काम, लगेच घरी जाता येतं. उत्तर चार दिवसांनी येईल आणि जे येईल ते मी तुला असंच सांगेन. साधी निघाली तर अधूनमधून बघत राहायचं. नाही निघाली तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि या गाठीवर चांगले उपाय आहेत. मला भीती वाटते आहे. भीती अहवालात लिहीत नाहीत म्हणून इथे लिहिली. सोमवारी सकाळी दहा वाजता इकडे आमच्या दवाखान्यात ये. (एक ओळ झाली नाही, दहाबारा झाल्या. यापेक्षा कमी कापडात बसत नाही.)

ता. क. ३. बाईंनी हे वाचलं आणि पेन परत खिशात ठेवलं. म्हणाल्या, नीट सांगितलं की नाही हे तुझ्या लिहिण्यावरून नाही कळायचं, त्यांच्या येण्यावरून कळेल. सोमवारी दहाला आत्या दारात दिसल्या तर सही, नाही दिसल्या तर सहा महिने थांब. तेव्हा आत्या, माझी सगळी परीक्षा आता तुझ्या हातात आहे. तू कशाला येते आहेस असं कुणी विचारलं तर सांग, भाचीच्या परीक्षेला चाललेय. दुकानाच्या दारावर पाटीही तशीच लाव.

ता. क. ४. ता. क. ३ खोटं आहे. सही बाईंनी दुसरा ताजा कलम वाचून झाल्या झाल्या केली, शाई वाळलीसुद्धा. माझ्या परीक्षेचं म्हटलं की तू धावत येशील हे मला माहीत आहे, म्हणून लिहिलं, आणि लिहून झाल्यावर लाज वाटली. अर्ज मी उद्या भरते आहे, त्याची काळजी सोड. सोमवारी माझ्यासाठी येऊ नकोस, आत्या. तुझ्या गळ्यासाठी ये. या वेळी फाटकाबाहेर मी उभी असेन.